बंदुकीच्या दस्त्याची साक्ष

जुनी बंदूक हातीं आली कीं पाहणाऱ्याचें लक्ष प्रथम नळीकडे जातें. नळीवर कारागिराचें नांव असतें, कळीच्या पट्टीवर वेलबुट्टी कोरलेली असते, आणि नळीच्या बुडाशीं परीक्षागृहाच्या मुद्रा उमटविलेल्या असतात. दस्त्याकडे मात्र कोणी फारसें पाहत नाहीं. नळी धरावयास कांहीं तरी हवें म्हणून लावलेलें एक लांकूड, एवढीच त्याच्याविषयीं सामान्य समजूत असते. परंतु ज्यांनीं जुन्या शस्त्रांचा अभ्यास केला आहे, ते दुनळी शिकारी बंदूक हातांत येतांच ती उलटी करून आधीं तिचा दस्ता पाहतात. पोलादावरील अक्षरें बंदूक कोणीं केली हें सांगतात. ती पुढें कोणाच्या खांद्याला लागली, कोठें आपटली, कोणीं ती सांधली आणि कोणीं तिला खोटें रूप दिलें, हें सर्व बहुधा लांकडावरूनच उमगतें.

दुनळी शिकारी बंदुकीला तिचा रेखीव घाट आला तो इंग्लंडांत, अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं. लंडन शहरांत बर्कली चौकाजवळच्या डेव्हीज स्ट्रीटवर जोसेफ मँटन (१७६६–१८३५) ह्याचें दुकान होतें. हलकी, समतोल व निर्दोष बंदूक घडविण्यांत त्याचा हात धरणारा त्या काळीं कोणी नव्हता असें मानतात. व्यवहारांत तो यशस्वी झाला नाहीं. १८२६ सालीं त्याचें दिवाळें निघालें. परंतु त्याच्या हाताखालीं तयार झालेल्या कारागिरांनीं पुढें लंडनच्या ह्या धंद्याची कीर्ति जगभर नेली. त्यांपैकीं जेम्स पर्डी ह्यानें १८१४ सालीं स्वतःचें दुकान काढलें. हा पर्डी मँटनकडे कोणतें काम करीत होता? तो दस्ते घडवीत होता. पुढें ज्याचें नांव राजेरजवाड्यांच्या बंदुकींवर झळकलें, त्याची उमेदवारी लांकूड कोरण्यांत गेली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

त्या काळीं एका बंदुकीवर अनेक हात फिरत. नळी करणारा वेगळा, कळ करणारा वेगळा, नक्षी खोदणारा वेगळा. दस्तेवाल्याचें काम ह्या सर्वांच्या मागून येई आणि सर्वांना एकत्र आणी. त्यानें लोखंडी भागांना काजळी लावून ते लांकडावर टेंकवावे, काळा डाग जेथें उमटेल तेथें पटाशीनें केसभर लांकूड काढावें, पुन्हा टेंकवावें, पुन्हा काढावें. असें करतां करतां पोलाद लांकडांत इतकें घट्ट बसे कीं सांध्यांत कागदहि जाऊं नये. ही फट किती आहे, हा आजच्या परीक्षकाचा पहिला प्रश्न असतो, त्याचें कारण हेंच होय.

लांकूड अक्रोडाचें असे. अक्रोड वजनाला बेताचें, चिवट व बारीक पोताचें असतें. नीट वाळल्यावर तें फारसें वांकत नाहीं, आणि बार उडाल्याचा धक्का न फुटतां सोसतें. बुंध्याच्या फळ्या कापून त्या वर्षानुवर्षें सावलींत वाळवीत. फळींतून दस्ता आंखतांना मुठीच्या जागीं रेषा सरळ, मुठीच्या लांबीच्या दिशेनें जाव्यात आणि मागील रुंद कुंद्यावर मात्र त्या लाटांप्रमाणें फिराव्यात, अशी काळजी घेत. कुंद्यावरील लाटा शोभेसाठीं असत. मुठींतील सरळ रेषा बळकटीसाठीं असे. शेवटीं जवसाचें तेल देऊन लांकूड तळहातानें घासीत. त्या तेलांत रतनजोतीची मुळी टाकून त्याला तांबूस छटा आणीत.

आतां दस्त्याच्या मापांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण बहुतेक फेरफार मापांसाठींच झालेले असतात. रायफलीनें नेम धरून मारतात. उडत्या पक्ष्यावर छऱ्याची बंदूक चालवितांना नेम धरण्यास वेळ नसतो. बंदूक खांद्याला लागतांच नळी डोळ्याच्या रेषेंत आपोआप आली पाहिजे. ह्यासाठीं तीन मापें नेमकीं असावीं लागतात. पहिलें लांबी, म्हणजे चापापासून कुंद्याच्या टोंकापर्यंतचें अंतर. बेताच्या उंचीच्या माणसास तें सुमारें १४ ते १४½ इंच लागतें. दुसरें उतार, म्हणजे नळीच्या रेषेपासून कुंदा किती खालीं गेला आहे तें. तिसरें कल, म्हणजे कुंदा किंचित् बाजूस वळविलेला असतो तो. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्यासाठीं तो उजवीकडे वळवितात. सारांश, चांगला दस्ता हा शिंप्यानें अंगावर बेतलेल्या अंगरख्यासारखा असतो. एकाचा अंगरखा दुसऱ्यास होत नाहीं; आणि बंदूक तर बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे, आणि लिलांवांत परक्याकडे जाते. म्हणूनच कापणें, जोडणें आणि वांकविणें ओघानेंच आलें.

ह्यांत आणखी एका गोष्टीची भर पडली. मँटनच्या भरभराटीच्या काळांतील बंदूक गारगोटीची होती. घोड्याच्या तोंडांतील गारगोटी पोलादी पत्र्यावर आपटे, ठिणगी रंजकाच्या वाटींत पडे, आणि मग आंतील दारू पेट घेई. स्कॉटलंडांतील अलेक्झांडर फॉर्साइथ नांवाच्या धर्मोपदेशकास पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकाचा भडका दिसतांच पक्षी सावध होतात हें पाहून त्यानें आघातानें पेटणाऱ्या स्फोटक चूर्णाचा उपयोग शोधून काढला व १८०७ सालीं त्याची सनद घेतली. पुढें १८२० च्या सुमारास तांब्याची केप प्रचारांत येऊं लागली आणि वीस वर्षांत गारगोटीची शिकारी बंदूक जुनाट ठरली. केपाची बंदूकहि ठासणीचीच होती. १८५१ सालीं लंडनच्या हाइड पार्कमध्यें भरलेल्या महाप्रदर्शनांत फ्रान्सच्या लफोशे ह्याची मागून काडतूस भरण्याची बंदूक इंग्रज कारागिरांनीं पाहिली, आणि पुढील दहा-बारा वर्षांत तीहि पद्धत रूढ झाली.

म्हणजे एका माणसाच्या हयातींत बंदुकीचें तंत्र दोनदां पालटलें. ज्यानें तरुणपणीं मोठी किंमत देऊन उत्तम दुनळी घेतली, तो ती टाकून थोडाच देणार? तो ती दुकानदाराकडे नेई व म्हणे, हिला केपाची करून द्या. अशा हजारों बंदुका बदलल्या गेल्या. आज जुनी म्हणून जी दुनळी समोर येते ती जशीच्या तशी राहिलेली असण्यापेक्षां बदललेली असण्याचाच संभव अधिक.

अशी एखादी बंदूक मेजावर ठेवली असतां परीक्षक काय करतो? ती रिकामी आहे अशी प्रथम खात्री करून घेतो. ठासणीच्या बंदुकींत शंभर वर्षांपूर्वींचा बार तसाच राहिलेला असूं शकतो. म्हणून गज आंत घालून नळीची आंतील खोली मोजतो व ती बाहेरील लांबीशीं ताडून पाहतो. नंतर तो ती धूत नाहीं, घासत नाहीं, तेल लावीत नाहीं. मळ हाहि पुरावा असतो. मग दिवा एका बाजूस खालीं धरून तिरकस उजेडांत लांकूड पाहतो. समोरच्या उजेडांत जो पृष्ठभाग सपाट दिसतो, त्यावरच तिरकस उजेडांत खळगे, कानशीचे ओरखडे आणि जोडाच्या रेषा उठून दिसतात.

पहिली तपासणी लांकूड आणि पोलाद जेथें भेटतात तेथली. नव्या दस्त्यांत लांकूड पोलादाहून केसभर उंच ठेवीत, कारण पुढें तें थोडें आटणार व झिजणार हें कारागीर जाणून असे. जर कळीच्या पट्टीची कड लांकडाच्या वर आली असेल, तर कोणी तरी लांकूड घासून काढलें आहे हें उघड होय. कळीच्या मागें लांकडाचा जो टोंकदार उठाव कोरलेला असतो, त्याचें टोंक बोथट झालें असल्यास तीच गोष्ट पक्की होते. घासणाराचा हेतु बहुधा वाईट नसतो. त्याला जुना डाग काढून बंदूक नवी दिसावी असें वाटलेलें असतें. परंतु एकदां घासलेलें लांकूड परत येत नाहीं, आणि दस्तेवाल्याच्या पटाशीनें आंखलेली रेषा कायमची नाहींशी होते.

दुसरी तपासणी कळीच्या भोंवतालची. गारगोटीच्या कळीची पट्टी पुढच्या बाजूस लांब असे, कारण तिच्यावर रंजकाची वाटी आणि पोलादी पत्र्याची कमान बसवावी लागे. केपाची कळ बसवितांना पट्टीचा आकार बदलला, तर लांकडांत रिकामी जागा उरते व ती ठिगळानें भरावी लागते. चांगल्या दुकानांत हें ठिगळ अक्रोडाचेंच, रेषांशीं रेषा जुळवून बसवीत. सवंग कामांत तें आडव्या रेषांचें असतें किंवा नुसती लाख आणि भुसा भरलेला असतो. ठिगळ पाहून, बंदूक मूळची गारगोटीची होती व नंतर प्रामाणिकपणें बदलली गेली, हें सांगतां येतें. अशा बदलाला दोष देण्याचें कारण नाहीं. तो त्या बंदुकीच्या आयुष्याचा भाग आहे.

परंतु ह्याच्या उलट प्रकारहि घडतो. संग्राहकांत गारगोटीच्या बंदुकीला मोल अधिक. म्हणून केपाची झालेली बंदूक पुन्हा गारगोटीची करून विकावयास ठेवतात. पोलाद पाहून ही लबाडी ओळखणें पुष्कळदां कठीण जातें, कारण नव्या वाटीला व नव्या घोड्याला गंज चढवितां येतो. लांकूड मात्र इतक्या सहजासहजीं वश होत नाहीं. ज्या बंदुकीच्या रंजकानें खरोखर वर्षानुवर्षें पेट घेतला, तिच्या वाटीजवळचें लांकूड होरपळून काळें झालेलें असतें व तो काळेपणा खोल गेलेला असतो. नंतर वाटी बसविली असेल तर तेथें ताजी, फिकट रंगाची कापणी आढळते, तिच्या रंध्रांत जुनें तेल मुरलेलें नसतें, आणि पटाशीच्या सरळ घावाऐवजीं यंत्रावर फिरणाऱ्या हत्याराच्या गोल खुणा दिसतात. शिवाय केपेच्या स्फोटानें जळलेली जागा निराळी, थोडी मागें असते. ती जागा तेथें आहे आणि वाटीजवळची नाहीं, असें आढळल्यास निर्णय देण्यास अडचण पडत नाहीं.

आतां कुंद्याकडे वळावें. ठासणीची बंदूक भरतांना तिचा कुंदा जमिनीवर टेंकवावा लागे. म्हणून त्याच्या टोंकाला लोखंडी पत्रा ठोकीत, व त्या पत्र्याच्या कडा माती-खड्यांनीं झिजत. मागून भरण्याच्या बंदुकीला जमिनीवर टेंकण्याची गरज उरली नाहीं. म्हणून तिचा कुंदा पुष्कळदां नुसत्या लांकडाचा ठेवून त्यावर जाळी कोरूं लागले. तेव्हां ठासणीच्या बंदुकीच्या कुंद्याला लोखंडी पत्रा नसला, किंवा त्याच्या जागीं रबराची गादी असली, तर कुंदा कापला गेला आहे असा संशय धरावा. पत्रा जुना पण त्याच्या कडा लांकडाबाहेर आलेल्या, असें दिसल्यास संशय बळावतो, कारण कुंदा टोंकाकडे रुंद होत जातो. तो इंचभर कापून तोच पत्रा पुन्हा लावला, तर पत्रा मोठा आणि लांकूड लहान असा प्रकार होतो.

कापला कां असेल? बहुतेक वेळां उत्तर साधें असतें. घरांतला मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला, त्याला शिकवावयाचें होतें, आणि १४ इंचांचा दस्ता त्याच्या हाताला लांब पडत होता. कांहीं वर्षांनीं मुलाचे हात लांब झाले, आणि कापलेल्या जागीं नवा तुकडा जोडावा लागला. असा जोड रंगानें झांकलेला असतो, पण रेषा खोटें बोलत नाहींत. कुंद्यावरील लाटा जोडापाशीं येऊन थांबतात आणि पलीकडे दुसऱ्याच लाटा सुरू होतात. एखाद्या दस्त्यावर असे दोन जोड सांपडले तर एकाच बंदुकीवर दोन पिढ्यांतील मुलें शिकलीं असावीं, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

वांकविलेला दस्ता ओळखणें अधिक अवघड असतें. नवा मालक उंच मानेचा किंवा रुंद छातीचा असला कीं उतार वा कल बदलावा लागतो. त्यासाठीं मुठीभोंवतीं फडकें गुंडाळून त्यावर कढत जवसाचें तेल पुन्हा पुन्हा ओततात. लांकूड मऊ पडलें कीं तें सांच्यांत आवळून वांकवितात व तसेंच निवूं देतात. पाव इंच सरकविणें हें कुशल कारागिराचें नेहमींचें काम होय. त्याची खूण मुठीच्या पाठीवर राहते. नळीच्या मागील पोलादी ठोकळ्याची शेपटी तेथें लांकडांत बसविलेली असते. दस्ता उजवीकडे वळविला असेल तर शेपटीच्या एका बाजूस लांकूड दबलेलें आणि दुसऱ्या बाजूस फट पडलेली दिसते. शिवाय कढत तेलानें मुठीचा रंग बाकीच्या दस्त्याहून गडद झालेला असतो.

क्वचित् एखादा दस्ता इतका विलक्षण वांकडा असतो कीं प्रथमदर्शनीं तो बिघडलाच असावा असें वाटतें. कुंदा उजव्या खांद्याकडे, तर नळी डाव्या डोळ्यासमोर. असा दस्ता ज्याचा उजवा डोळा गेला आहे पण खांदा व हात उजवेच चालतात, अशा माणसासाठीं करीत. एखाद्या साध्या बंदुकीचा जुना दस्ता काढून असा वांकडा दस्ता चढविलेला आढळला, तर तो दोष समजून सरळ करावयास घेणें म्हणजे एका माणसाच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें संकट पुसून टाकणें होय. त्या माणसाचें नांव कोठेंहि लिहिलेलें नसेल. पण डोळा गेला तरी त्यानें शेताच्या बांधावर जाणें सोडलें नाहीं, एवढें तें लांकूड आजहि सांगतें.

दस्ता मोडतो तो बहुधा मुठींतच. दुनळी बंदुकीला दोन कळी असतात; त्यांच्यासाठीं दोन्ही बाजूंनीं लांकूड पोखरलेलें, वरून शेपटी, खालून चापांची पट्टी. ह्या सर्वांच्या मध्यें लांकडाची केवळ पातळशी भिंत उरते. ज्या कळींची मुख्य कमान घोड्याच्या मागें बसते, त्यांत तर मूठच पोखरली जाते. घोड्यावरून पडतांना किंवा गाडींतून बंदूक निसटतांना पहिला तडा येथेंच जातो. लंडनचा कारागीर अशी मूठ सरसानें सांधून आंतून लांकडी खुंटी किंवा लांब स्क्रू घाली, आणि तो चापाच्या कडीखालीं अशा जागीं लपवी कीं बाहेरून पत्ता लागूं नये. खेड्यांतल्या लोहाराजवळ असली साधनें नव्हतीं. तो पितळेचा पत्रा वांकवून खिळ्यांनीं ठोकी, तांब्याची तार गुंडाळी, किंवा ओल्या कच्च्या चामड्याची पट्टी शिवी. चामडें वाळून आटलें कीं तडा लोखंडी पकडींत धरल्यासारखा मिटे.

ह्या ठिकाणीं हिंदुस्थानाचा संबंध येतो. इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर आणि संस्थानिकांच्या मागणीवरून इंग्लंडांतील शिकारी बंदुका एकोणिसाव्या शतकांत ह्या देशांत मोठ्या संख्येनें आल्या. इंग्लंडच्या दमट हवेंत बेतलेला दस्ता येथील उन्हाळ्यांत आटे आणि पावसाळ्यांत फुगे. आषाढांत घराचीं दारें कशीं फुगून बसतात, हें प्रत्येक गृहस्थाच्या परिचयाचें आहे. बंदुकीच्या मुठींत पोलाद जखडलेलें असल्यानें तेथें लांकडाला आटण्यास मोकळीक मिळत नाहीं, आणि तें कळीच्या कोपऱ्यापासून तडकतें. अशा दस्त्यांत अक्रोडाऐवजीं शिसवीचें ठिगळ सांपडलें, तर दुरुस्ती लंडनमध्यें झाली नाहीं, बंदूक ह्या बाजूस येऊन गेली, असें म्हणण्यास चांगला आधार मिळतो. पितळी पत्र्याचें ओबडधोबड काम पाहून नाक मुरडण्याचें कारण नाहीं. ज्या हातांनीं तें केलें त्यांच्याजवळ नमुना नव्हता, पुस्तक नव्हतें. आणि तरीहि मूठ पुढें कैक वर्षें टिकली.

मुठीवरील जाळीकडेहि बारकाईनें पाहावें लागतें. हात घसरूं नये म्हणून तेथें बारीक चौकटी कोरतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच्या इंग्रजी कामांत ह्या चौकटी सपाट माथ्याच्या असून कित्येकदां प्रत्येकीच्या मध्यें एक ठिपका असे. कोणीं झिजलेली जाळी पुन्हा कोरून काढली असली, तर चौकटी टोंकदार होतात, ठिपके नाहींसे होतात, आणि नवख्या हाताच्या रेषा कडेच्या सीमेबाहेर निसटतात. जवळच रुप्याची लहान लंबगोल पट्टी असते. तिच्यावर मालकाची आद्याक्षरें किंवा कुलचिन्ह कोरीत. ती पट्टी मध्यें बोटाला खोलगट लागली, तर पहिलीं अक्षरें घासून दुसरीं कोरलीं आहेत असें समजावें. शेवटीं कळी उतरून त्यांच्या खोबणींत पाहतात. तेथें कधीं कधीं कारागिराची आद्याक्षरें किंवा अंक ठोकलेले असतात. नळी, कळ आणि चापाची कडी ह्यांवरचे क्रमांक एकमेकांशीं जुळले आणि दस्त्यांतील खोबण त्यांना अंगच्या कपड्यासारखी बसली, तर दस्ता मूळचाच होय. पर्डीसारख्या जुन्या दुकानांच्या वह्या टिकून आहेत, त्यांवरूनहि अशा क्रमांकाचा माग काढतां येतो.

आधुनिक काळांत ह्या जुन्या कौशल्याला शास्त्राची जोड मिळाली आहे. अतिनील किरणांच्या दिव्याखालीं लाखेचें रोगण नारिंगी चमकतें, तर नवे कृत्रिम चिकटपदार्थ पुष्कळदां निळसर पांढरे दिसतात. त्यामुळें साध्या उजेडांत न दिसणारा जोड अंधाऱ्या खोलींत उघडा पडतो. क्ष-किरणांच्या चित्रांत मुठींतील लपविलेला स्क्रू स्पष्ट दिसतो, आणि त्या स्क्रूवरूनहि काळ ठरवितां येतो. लांकडांत घालावयाचे जुने स्क्रू टोंकाला बोथट असत. अणकुचीदार टोंकाचे स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास सर्रास होऊं लागले. १८१५ च्या दस्त्यांत अणकुचीदार स्क्रू दिसला, तर दुरुस्ती निदान तीस वर्षांनंतरची समजावी.

इतकी छाननी करून साधावयाचें काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें एक उत्तर व्यवहाराचें आहे. सांधलेली मूठ धक्क्यासरशी फुटूं शकते, आणि काळ्या दारूसाठीं केलेल्या जुन्या नळींत धूरविरहित दारूचें काडतूस उडविणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय. तपासल्याखेरीज अशी बंदूक वापरणें हा अविचार आहे. दुसरें उत्तर कायद्याचें. १८७८ च्या शस्त्रकायद्यापासून ह्या देशांत बंदूक बाळगण्यास परवाना लागूं लागला. पुढें १९५९ च्या कायद्यानें, जुन्या घाटाचें किंवा पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें जें शस्त्र दुरुस्ती करून अथवा न करतांहि बंदूक म्हणून चालण्याजोगें नाहीं, तें त्या बंधनांतून वगळलें. म्हणजे आजोबांची भिंतीवरची बंदूक नुसती शोभेची आहे कीं दुरुस्त होऊं शकणारें शस्त्र आहे, हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाहीं.

परंतु खरें उत्तर ह्या दोहोंपलीकडचें आहे. दस्त्यांतील फेरफार तीन प्रकारचे असतात. कांहीं गरजेचे, कांहीं हौसेचे, आणि कांहीं फसविण्यासाठीं केलेले. तिन्ही बाहेरून सारखेच दिसतात: एक रेषा, एक ठिगळ, एक गडद डाग. त्यांतील भेद ओळखला नाहीं तर दोन अनर्थ होतात. लबाडानें केलेली बंदूक संग्रहालयांत अस्सल म्हणून मांडली जाते, आणि तिच्यावरून लिहिलेला इतिहास खोटा ठरतो. उलट, गरजेपोटीं सांधलेली खरी बंदूक कुरूप म्हणून दुरुस्तीस जाते, तिचें पितळ उचकटून टाकतात, कुंद्याचा जोड कापून नवें अक्रोड बसवितात, आणि दुकानांतून नुकत्या बाहेर पडलेल्या बंदुकीसारखी ती चमकूं लागते. पहिला अनर्थ करणारास फसव्या म्हणतात. दुसरा करणारास कसबी कारागीर म्हणून बिदागी मिळते. नुकसान मात्र दुसऱ्याचें अधिक मोठें असूं शकतें, कारण खोटी भर पुढें केव्हां तरी ओळखून वगळतां येते, पण काढून फेंकलेला पुरावा परत आणतां येत नाहीं.

म्हणून जाणते लोक आतां एक साधा नियम पाळतात. हात लावण्यापूर्वीं प्रत्येक जोडाचें छायाचित्र व माप घ्यावें. तडा वाढत असेल तरच तो सांधावा, आणि तोहि सरसासारख्या पदार्थानें, म्हणजे उद्यां ऊब व ओलावा देऊन पुन्हा सोडवितां येईल. नवें ठिगळ द्यावेंच लागलें तर त्याच्या आंतल्या बाजूस सन लिहून ठेवावा. पूर्वींच्या माणसाची दुरुस्ती, ती टिकाऊ असेल तोंवर, काढूं नये.

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यांतील संग्रहालयांत किंवा अन्य कोठें जुनीं शस्त्रें पाहण्याचा योग आल्यास दुनळी बंदुकीच्या नांवाच्या पाटीबरोबर तिच्या कुंद्याकडेहि क्षणभर पाहावें. त्यावर आडवी रेषा असेल आणि तिच्या अलीकडचें लांकूड पलीकडच्याशीं जुळत नसेल, तर कारागिराचा हात चुकला असें मानण्याची घाई करूं नये. बहुधा तेथें एक मुलगा उभा होता, ज्याचे हात अजून पुरत नव्हते. आणि त्याच्या शेजारीं असा कोणी होता, ज्यानें आपल्या मापाची उत्तम बंदूक त्याच्यासाठीं कापूं दिली.